गोळी पोटात जाईपर्यंत

रविवारी सकाळी साडेआठला शटर अर्धंच वर गेलेलं असतं आणि बाहेरच्या दोन्ही बाकड्यांवर जागा उरलेली नसते. आत एक मुलगी केर काढत असते. दुसरी फळ्यावर तारीख लिहिते. तिसरा मुलगा खोक्यातून रक्तदाबाचं यंत्र, वजनकाटा, साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी असं एकेक काढून टेबलावर मांडतो. पुण्यातल्या नदीकाठच्या एका वस्तीत, समाजमंदिराच्या दोन खोल्यांत हा दवाखाना भरतो. ‘भरतो’ हाच शब्द बरोबर, आठवडे बाजार भरतो तसा. इतर दिवशी याच खोल्यांत बालवाडी असते. त्यामुळे डॉक्टरांच्या डोक्यावर ‘क कमळाचा’ आणि औषधांच्या टेबलामागे ससा, बदक, बेडूक.

संपादकांनी या अंकासाठी ‘वर्गाबाहेरचं शिक्षण’ हा विषय दिला तेव्हा मला आधी सहली आणि शिबिरं आठवली. मग शेजारच्या मुलाचा रविवार आठवला. बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा एरवी दहापर्यंत लोळणारा. पण गेलं वर्षभर रविवारी सातला उठून डबा घेऊन कुठेतरी जातो. त्याच्या मागे मी गेले. चार रविवार जायचं ठरवलं होतं, त्याचे सात झाले. दवाखाना चालवणाऱ्यांनी एकच अट घातली : दवाखान्याचं नाव नको, माणसांची नावं नकोत, आणि पेशंट ओळखू येईल असं काही लिहायचं नाही. अट मान्य केली.

मंडळी अशी : निवृत्त झालेले दोन डॉक्टर, औषधांच्या टेबलाशी एक फार्मासिस्ट, आणि चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या एक सिस्टर. खरा दवाखाना सिस्टरच चालवतात, हे डॉक्टरही कबूल करतात. उरलेले बारा-चौदा जण विद्यार्थी. मेडिकलचे, नर्सिंगचे, फार्मसीचे, दोन समाजकार्याचे आणि एक चुकून आलेला इंजिनियरिंगचा. सुई टोचणं, निदान करणं, औषध बदलणं यातलं काहीही विद्यार्थ्यांच्या हातात दिलं जात नाही. मग त्यांच्या वाट्याला काय येतं? खुर्ची देणं, कागद भरणं, मोजणं, पुड्या बांधणं आणि ऐकणं.

आधी खुर्ची

नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी रक्तदाब मोजू देत नाहीत. “पेशंटला बसव, पाणी विचार आणि पाच मिनिटं काही करू नकोस,” एवढंच सिस्टर सांगतात. वीस वर्षांच्या मुलाला यातलं शेवटचं काम सगळ्यांत जड जातं.

मी गेले त्या दुसऱ्या रविवारी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला नुकतंच यंत्र हातात मिळालं होतं. समोर पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी. त्यानं पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, ‘168/102’ लिहिलं आणि कागद घेऊन जवळजवळ पळतच डॉक्टरांकडे निघाला. सिस्टरनं मधेच हात आडवा घातला.

“त्या कुठून आल्या, विचारलंस?”

विचारलं नव्हतं. मावशी तीन घरची धुणीभांडी उरकून, नंबर जाईल म्हणून चढ चढून आल्या होत्या. ब्लाउजची घट्ट बाही दंडावर वर सारलेली होती, तिच्याच वर पट्टा. पाय बाकड्यावरून लोंबकळत होते. आणि हा मोजता मोजता त्यांना मुलं किती, नातवंडं किती, हे विचारत होता; कारण पेशंटशी आपुलकीनं बोलावं असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. सिस्टरनं मावशींना आधी बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, मग टेकायची खुर्ची दिली, पायाखाली पाट सरकवला. वीस मिनिटांनी त्याच मुलाकडून पुन्हा मोजून घेतलं. 142/88.

पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद, मूत्राशय रिकामं. हे सगळं पुस्तकात असतं. पट्टा दंडाच्या मानानं लहान पडला तर आकडा चढतो, हेही असतं. त्या मुलानं ते वाचलेलं होतंच. “पण सर, म्हणजे सिस्टर, पुस्तकातला पेशंट बसलेलाच असतो,” तो म्हणाला. सिस्टर हसल्या नाहीत. “तो पहिला आकडा आत गेला असता तर गोळी वाढली असती. मग ही बाई मोरीत चक्कर येऊन पडली असती. आणि आपण काय म्हटलं असतं? वय झालंय.”

सूर्य, चंद्र, सायकल

माझा बराच वेळ औषधांच्या टेबलाशी गेला, कारण तिथे बसायला जागा होती. डॉक्टरांची चिठ्ठी तिथे येते, फार्मासिस्ट बाई ती वाचतात, गोळ्या काढून देतात, विद्यार्थी पुड्या करतात आणि बाई पुन्हा एकदा ताडून बघतात. गोळ्यांची पट्टी कापायचीही रीत आहे : ज्या टोकाला मुदतीची तारीख छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखायचं, कात्री दुसऱ्या बाजूनं चालवायची. खाकी पाकिटावर स्केचपेननं चित्रं काढायची. सकाळी घ्यायची असेल तर डोंगरातून वर येणारा सूर्य, दुपारी अख्खा सूर्य, रात्री चंद्रकोर. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून ही सोय. वर्षानुवर्षं चाललीये आणि बहुतेकांना पुरते.

एका काकांना पुरली नाही. लातूरकडचे, एका सोसायटीत वॉचमन, ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ. रक्तदाबाची एक गोळी सकाळ-संध्याकाळ. ते महिनाभर घेत होते, एकही चुकवली नव्हती, तरी आकडे हलत नव्हते आणि दुपारी उठल्यावर डोकं गरगरत होतं. आमच्या शेजारच्या मुलानं पाकीट हातात घेऊन विचारलं, “काका, सूर्याची कधी घेता?”

“उठल्यावर की. चारला.”

“आणि चंद्राची?”

“झोपताना. नऊला.”

सकाळी नऊला. म्हणजे बारा तासांच्या अंतरानं जायला हव्यात त्या दोन गोळ्या सात तासांत पोटात जात होत्या आणि पुढचे सतरा तास कोरडे. काकांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्यांची सकाळ दुपारी चारला होत होती, एवढंच. आता त्यांच्या पाकिटांवर सायकल असते. एकीवर जाणारी, एकीवर येणारी. चाकांचे आरे काढताना त्या मुलाची जीभ थोडी बाहेर येते.

हा मुलगा परीक्षेत हुशार आहे. औषध रक्तात किती वेळ टिकतं, किती तासांनी निम्मं उरतं, याची गणितं तो झोपेतही सोडवेल. पण त्या गणितातला ‘वेळ’ घड्याळाचा असतो आणि माणसाचा दिवस नोकरीप्रमाणे चालतो, हे त्याला त्या पाकिटानं शिकवलं. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलेली गोळी आणि पेशंटच्या पोटात गेलेली गोळी यांच्यामध्ये एक लांबलचक रस्ता आहे. त्या रस्त्यात शिफ्ट आहे, सासू आहे, नळाची वेळ आहे, घरमालक आहे, चतुर्थी आहे. कॉलेज या रस्त्याच्या एका टोकाशी संपतं. विद्यार्थ्याला इथे मिळतं ते हे उरलेलं अंतर, असं मला या सात रविवारांनंतर वाटतं. ‘सेवाभाव’, ‘सामाजिक जाणीव’ वगैरे शब्द मीही जाताना पिशवीत घालून नेले होते. ते परत आणले.

‘उठल्यापासून सांगा’

दुखण्याचं नाव विचारलं की माणसं डॉक्टरला आवडेल असं उत्तर देतात. “गोळ्या घेता ना?” याचं उत्तर “हो” असंच येतं. कारण प्रश्नातच दटावणी आहे. म्हणून इथे एक वेगळाच प्रश्न शिकवतात : “काल उठल्यापासून काय काय केलं, सांगा.” कागदावर त्यासाठी रकाना नाही. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, स्वतः बीड जिल्ह्यातली, हा प्रश्न फार छान विचारते. तिच्यासमोर एक बाई आल्या, साखरेच्या पेशंट. तक्रार : रोज नऊच्या सुमाराला हातपाय कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांनी स्वतःच निदान केलेलं होतं, पित्त. जावेचं निदान वेगळं होतं, बाहेरचं काहीतरी. त्या लिंबू-मीठ घेऊन बघत होत्या आणि एक अंगारा लावून झाला होता.

“मावशी, उठल्यापासून सांगा.”

पाचला उठतात, कारण नळाला पाणी पाचलाच येतं. साडेपाचला गोळी. मग पाणी भरणं, मुलाचा डबा, सहाला बाहेर. एका घरी झाडूपोछा, दुसऱ्या घरी स्वयंपाक, तिसऱ्या घरी भांडी. अकराला घरी येऊन भाकरी.

“मधे काय खाता?”

“चहा देतात की दुसऱ्या घरी. बिनसाखरेचा घेते, डॉक्टरांनी सांगितलंय ना.”

मुलगी गप्प झाली. मग उठून डॉक्टरांना बोलावून आणलं. गोळी ग्लिमेपिराइडची होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ती दिवसाच्या पहिल्या जेवणाच्या जरा आधी घ्यायची. चिठ्ठीवर ‘सकाळी जेवणाआधी’ असंच होतं आणि बाईंनी ते तंतोतंत पाळलं होतं. गोळी साडेपाचला, जेवण अकराला, मधे दहा-बारा बादल्या पाणी आणि तीन घरं. साखर खाली जाणार नाही तर काय होईल? चिठ्ठीतला पहिला शब्द ‘सकाळी’ हा होता. महत्त्वाचा शब्द ‘जेवणाआधी’ हा होता. डॉक्टरांनी वेळ बदलली, डबीत दोन भाकरीचे तुकडे बांधून न्यायला सांगितले, आणि पुन्हा तसं झालं तर लगेच साखर खायची, हे मुलीनं बाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं. मावशींना ते काही पटेना. ज्यासाठी गोळी, तेच खायचं?

त्या मुलीला एक गोष्ट आधीपासूनच येत होती, जी शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना इथे येऊन शिकावी लागते. ती म्हणजे दुखण्याची मराठी. दुखणं म्हणजे नुसतं दुखणं नव्हे. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, रग वेगळी. पोटात मुरडा येतो, छातीत जळजळतं, पायाला मुंग्या येतात, अंगात कणकण असते. ठणका लागलाय म्हटलं की पू झालाय का बघावं. कळ येते-जाते. चमक क्षणाची. बायकांच्या दुखण्याचे शब्द तर आणखी आडपडद्याचे. ‘अंगावरून जातंय’ म्हणताना बाई खाली बघते, आणि समोर मुलगा बसला असेल तर म्हणतच नाही, नुसती ‘कंबर दुखते’ म्हणते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. मधल्या सगळ्या बायका ‘कंबर दुखते’ म्हणत असणार. इथे सिस्टरनं कोपऱ्यात एक पडदा लावलाय, बालवाडीच्या गॅदरिंगचा, त्यावर चांदण्या आहेत. त्या पडद्याआड फक्त मुली बसतात.

बनगावची पिंपं

दवाखान्यात सगळ्यात जास्त मागणी कशाला असेल तर ती सलाईनला. जुलाब असोत, अशक्तपणा असो, उन्हाचा त्रास असो, “एक बाटली लावा ना डॉक्टर” ठरलेलं. इथे बाटली नाही. इथे मिळतं ते जलसंजीवनीचं पाकीट, साडेवीस ग्रॅमचं, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं टाकायचं. आणि ते घेताना माणसाचा चेहरा पडतो. समाजकार्याचा एक मुलगा मला म्हणाला, “मॅडम, लोकांना फसवल्यासारखं वाटतं. साखरमिठाचं पाणी तर घरीही आहे, मग दवाखान्यात कशाला आलो?”

त्याला मी बनगावची गोष्ट सांगितली. दवाखान्यातल्याच डॉक्टरांनी नंतर ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली. 1971 साल. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आलेले. बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर, एकमेकांना चिकटून. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं, आणि ते लावणारे प्रशिक्षित हात तर त्याहून कमी. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटं करून घेतली, पिंपांतून पाणी कालवलं आणि ते पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. आई, भाऊ, नवरा, जो शेजारी असेल तो. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. आणि लोकांनी ते प्यावं म्हणून त्यांनी त्याला नाव दिलं, तोंडानं घ्यायचं सलाईन. महालनबीस 2022 मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

मला या गोष्टीत त्या नावाचं अप्रूप वाटतं. मिश्रणामागचं शास्त्र त्याआधीच्या काही वर्षांत कळलेलं होतं : ग्लुकोज सोबत असलं की आतडं मीठ शोषून घेतं आणि मिठामागे पाणी जातं. पण हे अडाण्यालाही करता येईल आणि त्याला ते खरं औषध वाटेल, हे एका बंगाली डॉक्टरला गर्दीत उभं राहून सुचलं. समाजकार्याच्या मुलानं पुढच्या रविवारी पाकीट देताना सुरुवातच बदलली. “आजी, हे प्यायचं सलाईन. सुई नाही, काही नाही. घोट-घोट. वाटीनं नको, चमच्यानं पाजा नातवाला, ओकला तर दहा मिनिटं थांबून परत.” आजींनी पाकीट पदराच्या गाठीला बांधलं. चेहरा पडला नाही.

मला हे पाठ होतं

एक प्रसंग लिहावा की नाही, असा विचार करत होते. ज्या मुलीचा तो आहे तिनंच लिहा म्हटलं.

ती मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वस्तीतल्या एका तरुणाला, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या, दोन महिन्यांचा खोकला होता. दवाखान्यानं त्याला थुंकी तपासायला सरकारी केंद्रात पाठवलं. क्षयरोग निघाला. औषधं तिथूनच फुकट सुरू झाली. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन, वजनाप्रमाणे, रोज, खंड न पाडता. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये बँकेत जमा होतात, त्यासाठी त्याचं बंद पडलेलं खातं चालू करून देण्यात या मुलीचा एक अख्खा दिवस गेला. खोलीत घरमालकाला कळू नये म्हणून तो गोळ्या गॅरेजमधल्या टूलबॉक्समध्ये ठेवायचा, हेही तिला माहीत होतं. ती दर आठवड्याला चौकशी करायची. सगळं नीट चाललं होतं, असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की त्यानं नऊ दिवस गोळी घेतलेली नाही. कितीतरी वेळ कारणच सांगेना. शेवटी म्हणाला, लघवीतून रक्त जातंय. औषध किडनीवर गेलंय, आता आपलं काही खरं नाही. भीतीपोटी त्यानं आईलाही सांगितलं नव्हतं.

ते रक्त नव्हतं. रिफॅम्पिसिन घेणाऱ्याची लघवी केशरी-लाल होते. कधी घाम आणि डोळ्यांतलं पाणीही. त्याचं भय नसतं.

“मला हे पाठ होतं,” ती म्हणाली. “फार्मॅकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत मला नेमका हाच प्रश्न आला होता. रिफॅम्पिसिननं लघवीचा रंग कसा होतो? मी लगेच सांगितलं. सर खूश झाले. मग तीन आठवडे मी त्या मुलाशी दर रविवारी बोलत होते, खात्याबद्दल बोलले, अंड्यांबद्दल बोलले, आणि हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. तिनं ते ऐकून घेतलं नाही, आणि बरंच केलं. आता क्षयाच्या प्रत्येक नव्या पेशंटशी तिचं पहिलं वाक्य रंगाबद्दल असतं. मला माझे वडील आठवले. ते अर्धीच गोळी घ्यायचे, स्वस्तात पडावं म्हणून, आणि आम्हाला हे ते गेल्यावर कपाटातल्या अर्ध्या तुकड्यांवरून कळलं. त्यांना कुणीतरी ‘उठल्यापासून सांगा’ म्हणायला हवं होतं. घरात आम्ही तिघं पदवीधर होतो.

अ‍ॅप आणि पुठ्ठा

इंजिनियरिंगचा मुलगा चुकून आला म्हटलं, ते असं. तो मैत्रिणीबरोबर आला. ती दोन रविवारांत सोडून गेली, हा राहिला. बाहेरची गर्दी बघून त्यानं आठवडाभर जागून नंबर लावायचं अ‍ॅप केलं. दारावर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला. पहिल्या रविवारी चार जणांनी तो वापरला. त्यातले तीन विद्यार्थीच होते. म्हाताऱ्यांकडे साधा फोन, बायकांचा फोन मुलाकडे, मुलगा कामावर. तिसऱ्या रविवारी त्यानं बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पन्नास बिल्ले केले, भोक पाडून दोरा ओवला आणि रांगेत गळ्यात घालायला सुरुवात केली. बिल्ले चालले. एका आजींनी तर घरी नेला, देवाजवळ ठेवलाय म्हणे. सत्तावीस नंबर पुन्हा करावा लागला.

प्रमाणपत्राचंही इथेच सांगते. विद्यार्थी प्रमाणपत्रासाठी येतात, ही कुरकुर मी बऱ्याच ठिकाणी ऐकली. येईनात का! राष्ट्रीय सेवा योजनाही 1969 पासून तास मोजूनच चालते. वर्षाला 120, दोन वर्षांत 240. तास मोजल्यानं आलेला माणूस तासांपाशीच थांबतो असं नाही. इथला नियम एवढाच की सहा महिन्यांच्या आत कागद मिळत नाही, आणि दवाखान्यात फोन काढून फोटो घेतला की त्या दिवसापुरतं घरी. सिस्टर स्पष्ट बोलतात : “पहिले दोन महिने ही पोरं म्हणजे आम्हाला ओझंच. आपलं काम सोडून त्यांना शिकवायचं. तिसऱ्या महिन्यात उपयोगी पडायला लागतात. आणि तुम्ही एका महिन्याची इंटर्नशिप मागता!” हे ‘तुम्ही’ मला उद्देशून होतं, का ते कळलं नाही. पण दर महिन्याला नवा चेहरा समोर आला की पेशंटला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, हे मी बघितलं. एक काका वैतागून म्हणाले, “मागच्या पोरीला सांगितलंय सगळं, तिला विचारा.”

जर्नलमधलं कुटुंब

विद्यार्थ्याला लोकांच्या घरात पाठवायचा विचार आपल्याकडे नवा नाही. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय काढलं, तिथे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात, मग गावात शिबिराला मुक्काम करतात आणि त्यांच्याकडे सोपवलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. त्याच्या पुढच्याच वर्षी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. त्यांनी गावातल्या निरक्षर बायकांनाच आरोग्यसेविका केलं. आता तिथे परदेशांतून विद्यार्थी शिकायला येतात. गडचिरोलीत बंग दांपत्यानं दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारलं, तेव्हा मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, असं कळलं. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी पाड्यासारखा झाला आणि त्याला नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं. तिथल्याच 39 गावांत आरोग्यदूत बायकांनी घरोघरी नवजात बाळं सांभाळली आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अहवाल आला आणि पुढे देशाच्या आशाताईंच्या कामात तीच पद्धत उतरली. 2006 पासून तिथे ‘निर्माण’ची शिबिरं भरतात, त्यांत डॉक्टरांबरोबर इंजिनियर आणि इतर शाखांचे विद्यार्थीही असतात.

2022 पासून तर देशभरातल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना काही कुटुंबं ‘दत्तक’ दिली जातात. कल्पना सुरेख. पण या दवाखान्यात येणारी मेडिकलची मुलं सांगतात ते असं : बस गावात जाते, एका अंगणात पंधरा जण उतरतात, तेच वजन, तोच रक्तदाब, जर्नलमध्ये नोंद, सही, परत बस. एका मुलाच्या जर्नलात त्याच्या कुटुंबातल्या आजींचं वजन सलग तीन भेटींत एकच आहे. “त्या घरी नव्हत्याच,” तो म्हणाला. “शेतावर होत्या.” हाच मुलगा इथे पुठ्ठ्याच्या बिल्ल्यांचा हिशेब ठेवतो आणि अकरा नंबरच्या काकांनी मागच्या आठवड्यात साखर तपासली नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. ‘दत्तक’ हा शब्दही मला खटकतो. दत्तक कुणी कुणाला घेतलंय? भाकरी कोण वाढतं?

घटस्थापनेआधीचा रविवार

शेवटच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. बाहेर नवरात्राचा मांडव बांधत होते आणि दर दहा मिनिटांनी ध्वनिवर्धक तपासला जात होता, त्यामुळे रक्तदाब मोजणाऱ्या मुलाला ठोके ऐकू येईनात. त्यानं खुर्च्या उचलून मागच्या खोलीत नेल्या. पेशंटला बसवलं. पाच मिनिटं काही केलं नाही.

साखरेच्या त्या मावशी आल्या होत्या. नऊची थरथर थांबली आहे, पण ते गोळीच्या वेळेमुळे की अंगाऱ्यामुळे, याबाबत घरात मतभेद आहेत. नर्सिंगच्या मुलीनं पाकीट भरता भरता विचारलं, “मावशी, उपास धरणार?”

“धरणार म्हणजे! नऊ दिवस. लग्न झाल्यापासून चुकला नाही.”

डॉक्टर दुसऱ्या टेबलावरून बघत होते. मला वाटलं, आता ती ‘नका धरू’ म्हणेल. साखरेच्या पेशंटनं निरंकार राहू नये, हे कुठल्याही पुस्तकात आहे. तिनं पाकीट बाजूला ठेवलं, कागद उलटा केला आणि पेनचं टोपण काढलं.

“बरं. मागच्या वर्षीचं सांगा. पहिल्या माळेला उठल्यापासून.”

“पहिल्या माळेला ना,” मावशी खुर्चीत नीट सरकून बसल्या. “त्या दिवशी तर तीनलाच उठते. घट बसवायचे असतात. मग साडेतीनला...”

बाहेर अठ्ठावीस नंबर बिल्ला हलवून दाखवत होता.